'डेल कुक' हे नाव कोणाचं? सॅम कुक आणि चर्चच्या दारातून बाहेर पडलेला आवाज

आज आपल्याला एका छोट्या तबकडीपासून सुरुवात करायची आहे. 1957 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या 'स्पेशालिटी रेकॉर्ड्स' या कंपनीने एका नव्या गायकाची तबकडी बाजारात आणली. गाण्याचं नाव 'लव्हेबल', गायकाचं नाव 'डेल कुक'. गाणं साधं प्रेमगीत. विक्री बेताचीच झाली. पण कृष्णवर्णीय वस्त्यांत ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्यापैकी अनेकांना दोन ओळींतच कळलं की या नावाचा कोणी माणूसच नाही. हा आवाज त्यांना सहा वर्षं ओळखीचा होता. तो 'सोल स्टरर्स' या भक्तिगीत गाणाऱ्या मंडळीतला मुख्य गायक, सॅम कुक. गाण्याची चालसुद्धा ओळखीची होती, कारण सोल स्टरर्स जे 'वंडरफुल' नावाचं भक्तिगीत गात असत, त्याचीच ती उलटवलेली आवृत्ती होती. देवाच्या जागी मुलगी आली होती, एवढंच.

आता प्रश्न असा की सव्वीस वर्षांच्या, नावारूपाला आलेल्या गायकाला टोपणनाव घ्यावंसं का वाटलं? त्याने काही गुन्हा तर केला नव्हता. हा प्रश्न समजून घेतला की गॉस्पेल गाणारी पोरं संगीताच्या धंद्यात कशी आली, कशाच्या बदल्यात आली, हे पुष्कळसं उलगडतं. म्हणून आजचं सगळं व्याख्यान आपण या एकाच माणसाभोवती ठेवणार आहोत.

सॅमचा जन्म 22 जानेवारी 1931 चा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावचा. वडील चार्ल्स कुक हे होलीनेस पंथाचे धर्मोपदेशक. 1933 साली कुटुंब शिकागोला आलं. दक्षिणेतून उत्तरेच्या कारखानदारी शहरांकडे लाखो कृष्णवर्णीय माणसं निघाली होती, त्या लोंढ्यातलंच हे एक घर. वडील कारखान्यात नोकरी करायचे आणि जोडीला चर्च सांभाळायचे. घरातली भावंडं 'सिंगिंग चिल्ड्रन' या नावाने वडिलांच्या प्रवचनाआधी गायची, त्यात सॅमही होता.

शिकागो हे ठिकाण इथे महत्त्वाचं आहे. गॉस्पेल म्हणजे काहीतरी अतिप्राचीन, शेकडो वर्षांचं भक्तिसंगीत, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. ज्याला आज गॉस्पेल म्हणतात ते संगीत 1930 च्या दशकात शिकागोमध्ये आकाराला आलं, आणि ते घडवण्यात सर्वांत मोठा वाटा टॉमस डॉर्सी यांचा. हे डॉर्सी कोण? तर 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवणारे, मा रेनी या गायिकेला पियानोची साथ करणारे, चावट गाण्यांच्या तबकड्या काढलेले गृहस्थ. 1932 मध्ये बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत रचलं आणि पुढचं आयुष्य भक्तिसंगीताला दिलं. पण हाताच्या बोटांत ब्लूज होताच, तो कुठे जाणार? म्हणजे गॉस्पेल आणि 'बाहेरचं' संगीत यांच्यामधली भिंत पहिल्या दिवसापासून झिरपत होती. अनेक जुन्या चर्चनी तर डॉर्सींच्या गाण्यांना आधी दारातच उभं केलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण वीस-पंचवीस वर्षांनी याच गॉस्पेलचे श्रोते सॅमला म्हणणार होते की तू बाटलास.

दुसरी समजूत अशी की गॉस्पेलवाले गायक हे देवाच्या नावाने फुकट गाणारे भोळे लोक. हीसुद्धा सोडून द्यायला हवी. सोल स्टरर्स ही मंडळी 1926 साली टेक्सासमध्ये सुरू झाली, पुढे शिकागोला आली. चाळीसच्या दशकात ती पूर्णवेळ गाणारी, गावोगाव मोटारीने फिरणारी व्यावसायिक मंडळी होती. शर्ट-कोट एकसारखे, जाहिराती छापलेल्या, तिकीट लावलेलं. एका कार्यक्रमात तीन-चार मंडळ्या एकापाठोपाठ उभ्या राहायच्या आणि एकमेकींवर मात करायच्या. कोकणात डबलबारी भजन ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. समोर बुवा आहे, देवाचं नाव चाललेलं आहे, आणि तरी आज कोण कोणाला गारद करतो याकडेच सगळ्यांचे कान! गॉस्पेलच्या कार्यक्रमात बायका भान हरपून ओरडायच्या, मूर्च्छित व्हायच्या, आणि किती जणी पडल्या यावर गायकाचं माप ठरायचं.

या सोल स्टरर्सचे मुख्य गायक होते आर. एच. हॅरिस. दोन मुख्य गायकांनी आळीपाळीने गाणं वर चढवत न्यायचं, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा हात. 1950 मध्ये हॅरिस यांनी मंडळी सोडली. फिरतीवरच्या आयुष्यातला सैलपणा आपल्याला पटत नाही, असं कारण त्यांनी दिलं. म्हणजे बघा, धंद्याने धर्म बिघडतो ही तक्रार गॉस्पेलच्या आतच होती, तीही सॅम पॉप गायला लागण्याच्या सात वर्षं आधी.

हॅरिसच्या जागी कोण? सॅम तेव्हा 'हायवे क्यूसीज' नावाच्या पोरसवदा मंडळीत गात होता. या पोरांना गाणं बसवून द्यायला सोल स्टरर्सचेच आर. बी. रॉबिन्सन यायचे. म्हणजे एका अर्थाने ती तालीम शाळाच होती. सॅमला घेतलं आणि 1 मार्च 1951 रोजी ही मंडळी ध्वनिमुद्रणासाठी लॉस एंजेलिसला स्पेशालिटीच्या आर्ट रुप यांच्यासमोर उभी राहिली. रुप यांना हॅरिस हवे होते. समोर वीस वर्षांचं पोरगं! पण त्या दिवशी गायलेलं 'जीझस गेव्ह मी वॉटर' चांगलं खपलं आणि प्रश्न मिटला.

सॅमचं गाणं हॅरिससारखं नव्हतं, आणि सुरुवातीला तो त्यांची नक्कल करताना फसत असे. मंडळीचे व्यवस्थापक एस. आर. क्रेन यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की एकदा स्वर फार वरचा लागला, सॅमला तिथे पोचता येईना, तेव्हा त्याने तो स्वर थेट न गाठता त्याला खालून वळसा घातला, हेलकावा दिला. लोकांना तो हेलकावा आवडला. पुढे तीच त्याची सही झाली. आमच्या मते ही हकीकत थोडी गोळीबंद झालेली आहे, अशा गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत होतातच, पण तबकड्या क्रमाने ऐकल्या तर तो वळसा हळूहळू पक्का होत गेलेला ऐकू येतो, यात शंका नाही. दुसरा बदल श्रोत्यांत झाला. कार्यक्रमांना तरुण मुली पुढच्या रांगांत यायला लागल्या. देवाचं ऐकायला आल्या की सॅमला बघायला, हे विचारायची सोय नव्हती!

22 जुलै 1955 रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जमलं तर 'निअरर टू दी' ऐका. आवाज खरखरीत होईपर्यंत, आठ-नऊ मिनिटं हा माणूस गातो आणि सभागृह उकळत असतं. पॉपच्या तबकड्यांवरचा मुलायम, गोड सॅम ज्यांनी ऐकलाय, त्यांना हा तोच माणूस आहे हे पटत नाही. हा मुद्दा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

स्पेशालिटीत त्याच सुमारास रॉबर्ट ब्लॅकवेल, सगळे त्यांना 'बम्प्स' म्हणायचे, निर्माते म्हणून आले होते. 1955 मध्ये लिटल रिचर्डचं 'तुटी फ्रुटी' त्यांनीच केलं. सॅमने लौकिक गाणी गावीत, असं त्यांचं मत. आणि ही कल्पना काही आकाशातून पडली नव्हती. रे चार्ल्स यांनी 1954 साली 'आय गॉट अ वुमन' केलं ते एका गॉस्पेल गाण्याच्या साच्यावरच, आणि ते गाजलं होतं. सिस्टर रोझेटा थार्प तर 1938 मध्येच चर्चमधून निघून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गिटार घेऊन उभ्या राहिल्या होत्या. उलट बाजूला महालिया जॅक्सन. मोठमोठे प्रस्ताव आले तरी ब्लूज गाणार नाही म्हणजे नाही. दोन्ही वाटा सॅमसमोर होत्या.

डिसेंबर 1956 मध्ये न्यू ऑर्लिन्सला कोझिमो मटासा यांच्या स्टुडिओत 'लव्हेबल' मुद्रित झालं, आणि नाव घातलं 'डेल कुक'. टोपणनावामागे दोन भीती होत्या. एक सॅमची: गॉस्पेलचे श्रोते तोडतील. दुसरी रुप यांची: सोल स्टरर्सच्या तबकड्यांचा खप जाईल. म्हणजे श्रद्धेचा प्रश्न आणि हिशेबाचा प्रश्न इथे एकच होऊन बसले होते. नाव लपलं नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. 1957 च्या पूर्वार्धात सॅमने मंडळी सोडली. त्याच्या जागी आला जॉनी टेलर. तोही हायवे क्यूसीजमधलाच, आणि गळा इतका सॅमसारखा की लोक फसायचे.

1 जून 1957 रोजी सॅम लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत 'यू सेंड मी' गात होता. मागे ब्लॅकवेल यांनी गोऱ्या गायकांचा कोरस उभा केला होता, अगदी गोड, गुळगुळीत. तेवढ्यात रुप आत आले आणि भडकले. त्यांना स्पेशालिटीचा माल कसा असतो ते माहीत होतं, आणि हा तो नव्हता. बाचाबाची झाली. तोडगा असा निघाला की ब्लॅकवेल यांनी आपल्या येणे असलेल्या रॉयल्टीवर पाणी सोडायचं, बदल्यात सॅमचा करार आणि ही मुद्रित गाणी घेऊन जायची. ती गेली 'कीन' नावाच्या कोऱ्या कंपनीकडे. सप्टेंबरमध्ये तबकडी निघाली, आणि वर्ष संपायच्या आत देशातल्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. खप दहा लाखांच्या वर. रुप यांनी हातचं सोडून दिलं, म्हणून त्यांना हसायची पद्धत आहे. आम्ही हसणार नाही. गॉस्पेलचा श्रोता किती चटकन पाठ फिरवतो, हे त्यांना सॅमपेक्षा जास्त माहीत होतं.

याच हंगामात एक विलक्षण गोष्ट घडली. ऑक्टोबर 1957 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना लिटल रिचर्डने रॉक-अँड-रोल सोडल्याचं जाहीर केलं आणि तो बायबलच्या शिक्षणासाठी अलाबामातल्या ओकवुड कॉलेजात दाखल झाला. तीच कंपनी, तोच निर्माता. एक जण चर्चमधून बाहेर पडत होता, तेव्हा दुसरा आत शिरत होता.

3 नोव्हेंबरला एड सुलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सॅम गायला उभा राहिला आणि वेळ संपली म्हणून त्याचं गाणं मध्येच तुटलं. प्रेक्षक इतके चिडले की 1 डिसेंबरला त्याला परत बोलवावं लागलं. फुकटची प्रसिद्धी म्हणतात ती ही.

आता जरा हिशेबाकडे वळू. कंटाळू नका, खरी गोष्ट इथेच आहे. 'यू सेंड मी' सॅमने रचलं, पण तबकडीवर गीतकार म्हणून नाव आहे त्याच्या भावाचं, एल. सी. कुकचं. का? कारण सॅमच्या रचनांचे प्रकाशनहक्क रुप यांच्या कंपनीकडे जाणार होते. त्या काळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे एका तबकडीवर एका गाण्यामागे दोन सेंट रॉयल्टी ठरलेली होती, 1909 पासून. रिवाज असा की त्यातला एक सेंट रचनाकाराला, एक सेंट प्रकाशकाला. दहा लाख तबकड्यांचे पूर्ण दराने होतात वीस हजार डॉलर, म्हणजे दहा हजार घरी आणि दहा हजार प्रकाशकाला. शिवाय रेडिओवर वाजलं की त्याचे वेगळे. गाणाऱ्याच्या वाट्याचे पैसे मुद्रणाच्या खर्चात, उचलीत कापले जात; हा सेंट मात्र गाणं जगेल तोवर येत राहतो. चर्चमधून आलेल्या बहुतेक पोरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी गाडीच्या किमतीला गाणी विकली.

सॅमला हे सांगणारा माणूस गॉस्पेलमधलाच होता: जे. डब्ल्यू. अलेक्झांडर, 'पिलग्रिम ट्रॅव्हलर्स' मंडळीचे व्यवस्थापक. वयाने मोठे, शांत. दोघांनी 'केग्ज म्युझिक' ही स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली आणि 1959 मध्ये 'एसएआर रेकॉर्ड्स' काढली. एस म्हणजे सॅम, ए म्हणजे अलेक्झांडर, आर म्हणजे रॉय, म्हणजेच क्रेन. तीन गॉस्पेलवाल्यांची कंपनी, आणि तिने पहिल्यांदा गायला बोलावलं कोणाला? सोल स्टरर्सना. 'चर्चमधून पळालेला गायक' हे चित्र या एका गोष्टीने डळमळतं. आमचं म्हणणं असं की गॉस्पेलच्या मंडळीत सॅम फक्त गायला शिकला नाही. दौरा कसा आखायचा, पावत्या कशा मोजायच्या, आयोजक पैसे बुडवून पळतो तेव्हा काय करायचं, हे तो सहा वर्षं मागच्या सीटवर बसून बघत होता. हे शिक्षण आर्ट रुप यांच्या कचेरीत मिळालं नसतं.

एसएआरकडे क्लीव्हलँडहून पाच भाऊ आले, वोमॅक बंधू. आधी त्यांनी भक्तिगीतं गायली, मग 1962 मध्ये 'व्हॅलेंटिनोज' हे नाव घेऊन लौकिक गाणी. वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं. सॅमने गाडीसाठी पैसे पाठवले. म्हणजे जी भीती सॅमला 1956 मध्ये होती, तीच या पोरांच्या वाट्याला पाच-सहा वर्षांनी जशीच्या तशी आली. यांचं 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' हे गाणं 1964 मध्ये रोलिंग स्टोन्सनी गायलं आणि ते इंग्लंडात त्यांचं पहिलं क्रमांक एकचं गाणं ठरलं. बॉबी वोमॅक आधी चिडला होता: आमचं गाणं गोऱ्या पोरांनी का गावं? रॉयल्टीचा धनादेश हातात पडला तेव्हा राग निवला, असं तो स्वतःच पुढे मजेत सांगायचा. एक सेंट, एक सेंट.

1960 पासून सॅम आरसीए या बड्या कंपनीत होता. 'चेन गँग', 'क्युपिड', 'ट्विस्टिन द नाइट अवे' हे सगळं तुम्हाला माहीत असेल, त्यावर थांबत नाही. 1962 च्या 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' मध्ये मात्र मागून प्रतिसाद देणारा दुसरा आवाज नीट ऐका. तो लू रॉल्सचा, पिलग्रिम ट्रॅव्हलर्समधल्या जुन्या दोस्ताचा. प्रेमगीताच्या आत दोन मुख्य गायकांची गॉस्पेल पद्धत तशीच बसलेली आहे.

पॉपमध्ये आल्यावर नवे दरवाजे उघडले आणि त्यांच्यापुढे जुनीच भिंत दिसली. 1961 मध्ये मेम्फिसला काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणार म्हटल्यावर सॅम आणि क्लाइड मॅकफॅटर यांनी गायला नकार दिला. ऑक्टोबर 1963 मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला हॉटेलने खोली नाकारली, सॅमने आरडाओरड केली आणि शांतताभंगासाठी अटक झाली. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा लहानगा मुलगा घरच्या तलावात बुडून गेला होता. 'अ चेंज इज गॉना कम' हे गाणं त्या वर्षाअखेरीचं. 7 फेब्रुवारी 1964 रोजी 'टुनाइट शो' मध्ये त्याने ते दूरचित्रवाणीवर गायलं. त्याची फीत जपली गेलेली नाही. दोनच दिवसांनी बीटल्स एड सुलिव्हनच्या मंचावर आले आणि सगळी चर्चा तिकडे वळली. पुढे हे गाणं सिंगल म्हणून काढताना चित्रपटगृहात आणि गावाच्या मध्यवस्तीत कृष्णवर्णीयांना मज्जाव असल्याचं सांगणारं कडवंच कापून टाकलं गेलं. ती सिंगल निघाली तोवर सॅम नव्हता. 11 डिसेंबर 1964 रोजी लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात व्यवस्थापिकेच्या गोळीने तो मेला, वय तेहतीस. चौकशीत स्वसंरक्षण मान्य झालं. त्याभोवतीच्या तर्कांत आपण शिरणार नाही. त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे.

मालकीचं काय झालं, ते मात्र सांगितलं पाहिजे. 1963 मध्ये ॲलन क्लाईन नावाच्या हिशेबनीसाने आरसीएच्या वह्या तपासून सॅमचे थकलेले पैसे काढून दिले आणि त्याच्या गाण्यांची मालकी आरसीएऐवजी वेगळ्या कंपनीकडे राहील असा करार घडवला. कंपनीचं नाव ठेवलं सॅमच्या मुलीच्या नावावरून, 'ट्रेसी'. पण कागदोपत्री या कंपनीची मालकी क्लाईन यांच्याकडे होती. सॅम गेल्यावर प्रकाशनहक्कसुद्धा शेवटी त्यांच्याचकडे गेले. भावाच्या नावावर गाणं लिहून जो सेंट वाचवला होता, तो असा गेला.

श्राइनच्या खरखरीत आवाजाकडे परत येऊ म्हटलं होतं. जानेवारी 1963 मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात, कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर, आरसीएने सॅमचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. गाणी सगळी प्रेमाची, गाण्याची रीत मात्र श्राइनची: हाक, प्रतिसाद, घसा फाटेपर्यंत चढवत नेणं. कंपनीला ते फार रांगडं वाटलं. त्याऐवजी 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या उंची कोपाकबाना क्लबातला नेटका, सूटबूटातला कार्यक्रम बाजारात आला. याच क्लबात 1958 मध्ये सॅम साफ पडला होता, त्यामुळे त्या यशाचं त्याला स्वतःलाही अप्रूप होतं. मायामीच्या फिती कपाटात राहिल्या. त्या लोकांसमोर आल्या 1985 साली, बावीस वर्षांनी.